मुलांना खरं बोलणं परवडलं पाहिजे

रात्रीचे साडेनऊ. सहा वर्षांची मुलगी पांघरुणात शिरलेली, दिवा मालवायचा तेवढा बाकी. मी नुकतीच बाथरूममधून आले होते. तिचा ब्रश हाताला लागला होता आणि तो कोरडा ठणठणीत होता. तरीही खोलीत येऊन मी विचारलं, ‘‘दात घासलेस का गं?’’ ती म्हणाली, ‘‘हो.’’ ‘‘नक्की?’’ ‘‘हो आई, खरंच.’’ मग मी ब्रश आणून तिच्या डोळ्यांसमोर धरला. पुढची वीस मिनिटं ओरडा, रडारड, ‘‘माझ्याशी खोटं बोलतेस?’’ आणि शेवटी दोघीही तोंडं फिरवून झोपलो. दात त्या रात्री घासले गेलेच नाहीत.

दुसऱ्या रात्री ब्रश ओला होता. दात मात्र तसेच. तिनं ब्रश नळाखाली धरून परत जागेवर ठेवला होता.

तो ओला ब्रश मी विसरलेले नाही. आदल्या रात्री मी तिला खरं बोलण्याचं महत्त्व शिकवतेय अशा समजुतीत होते, आणि ती शिकली होती पुरावा कसा तयार करायचा ते. तेव्हापासून या विषयावर जमेल तितकं वाचलं, चुकत-माकत घरात करून पाहिलं. त्यातून हाती लागलेली गोष्ट एवढीच: मूल खोटं बोलतं त्या क्षणी त्याला खरं बोलणं महागात पडेल असं वाटत असतं. कधी मार, कधी ओरडा, कधी आईबाबांचा पडलेला चेहरा, कधी मित्रांसमोरची शोभा. त्याचा हिशेब चुकीचा असेल, पण हिशेब असतोच. म्हणून खोटं पकडण्यात आपण कितीही तरबेज झालो तरी फारसं काही साधत नाही. खरं बोलणं त्याच्या आवाक्यात आणणं, हे आपलं काम. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीतून निघतात.

आधी वय बघा

चार्ल्स डार्विन यांनी आपल्या पहिल्या मुलाच्या बाळपणाच्या बारीक नोंदी ठेवल्या होत्या. १८७७ साली त्या ‘माइंड’ या नियतकालिकात छापून आल्या. मुलगा अडीच वर्षांहून थोडा मोठा असताना एकदा जेवणाच्या खोलीतून बाहेर येताना त्यांना दिसला. डोळे नको इतके चमकत होते, वागणं काहीतरी वेगळंच. त्यानं मनाई असलेली साखर खाल्ली होती. पंधरा दिवसांनी तो त्याच खोलीतून बाहेर आला तो अंगावरच्या कपड्याचा पुढचा भाग नीट गुंडाळून. ‘काही नाही’ असं म्हणत तो बापाला वारंवार ‘जा इथून’ असं फर्मावत होता. उलगडून पाहिलं तर कपड्यावर लोणच्याच्या रसाचे डाग. हा ठरवून केलेला लपवाछपवीचा प्रकार होता, असं डार्विन लिहितात. या मुलाला कधीच शिक्षा झालेली नव्हती, असंही ते नमूद करतात. म्हणजे प्रेमळ, न मारणाऱ्या घरातही मूल खोटं बोलतं. पुढे त्याच्यातल्या चांगल्या भावनांना हाक देत वाढवल्यावर तो हवा तितका खरा आणि मनमोकळा झाला, अशीही नोंद आहे. मी धीर खचला की हे पान आठवते.

गेल्या काही दशकांत मानसशास्त्रज्ञांनी हाच प्रसंग प्रयोगशाळेत आणला. मुलाला खोलीत बसवायचं, त्याच्या पाठीमागे एक खेळणं ठेवायचं, ‘मी येईपर्यंत वळून बघू नकोस’ असं सांगून मोठ्या माणसानं बाहेर जायचं. छुपा कॅमेरा चालू असतो. परत आल्यावर विचारायचं, ‘‘बघितलंस का?’’ मायकेल लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली तीन वर्षांच्या मुलांवर असा प्रयोग केला, तेव्हा बहुतेक मुलांनी वळून पाहिलं आणि त्यांपैकी निम्म्याहून कमी मुलांनी कबूल केलं. अँजेला इव्हान्स आणि कांग ली यांच्या २०१३ सालच्या अभ्यासात, चोरून वळून बघणाऱ्या दोन वर्षांच्या मुलांपैकी साधारण चौथा हिस्सा खोटं बोलला, तीन वर्षांच्या मुलांपैकी निम्मी. त्याहून मोठ्या मुलांत हे प्रमाण आणखी वाढतं.

ते वाढतं कारण खोटं बोलायला डोकं लागतं. ‘मला जे माहीत आहे ते आईला माहीत नाही’ हे आधी कळावं लागतं. हाइन्झ विमर आणि जोसेफ पर्नर यांनी १९८३ साली दाखवलं की दुसऱ्याच्या मनात चुकीची समजूत असू शकते ही जाण मुलांना साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास येते. त्याशिवाय जिभेवर आलेलं खरं गिळावं लागतं आणि आपण काय सांगितलं ते लक्षात ठेवावं लागतं. लहान मुलं इथेच घसरतात. ‘‘मी बघितलंच नाही,’’ असं म्हणणाऱ्या मुलाला ‘‘मग काय असेल बरं ते?’’ असं विचारलं की ते पटकन खेळण्याचं नाव सांगून मोकळं होतं. सात-आठ वर्षांपर्यंत हे सांभाळणं बऱ्याच मुलांना जमायला लागतं. चार वर्षांच्या मुलाची पहिली सराईत थाप ऐकून आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. पण ती संस्कार वाया गेल्याची खूण नसते. मेंदू त्याच्या वेळेला वाढतोय, एवढाच तिचा अर्थ.

दोन-तीन वर्षांचं मूल ‘‘मी नाही सांडलं,’’ म्हणतं तेव्हा त्याला बरेचदा ‘हे सांडायला नको होतं’ असं म्हणायचं असतं. इच्छा आणि घटना यांतली रेघ त्याच्या मनात अजून पुसट असते. त्याला खऱ्याखोट्यावर प्रवचन देणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ‘‘सांडलं. चल, पुसू या,’’ एवढं पुरे. चार ते सहा या वयात कल्पनेला पंख फुटलेले असतात. पलंगाखाली राहणारा वाघ हे खोटं नव्हे, तो खेळ आहे. त्या वाघाला आपणही खुशाल नमस्कार करावा. फक्त ‘‘भिंतीवर चित्र वाघानं काढलं,’’ असं ऐकू आलं की हसून म्हणावं, ‘‘ही गोष्ट झाली. आता खरं काय झालं ते सांग.’’ गोष्ट आणि खरं, हे दोन शब्द घरात वेगवेगळे वापरले की मुलाला त्यांतला फरक आपोआप कळायला लागतो.

मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९३२ साली मुलांच्या नैतिक विचारांवर लिहिताना एक गमतीदार गोष्ट नोंदवली. गाईएवढा मोठा कुत्रा पाहिला असं सांगणारं मूल आणि शाळेत शाबासकी मिळाली असं खोटंच सांगणारं मूल, यांत जास्त वाईट कोण, असं विचारल्यावर लहान मुलं कुत्र्याच्या थापेला जास्त वाईट ठरवत. कारण एवढा मोठा कुत्रा असूच शकत नाही, म्हणून ते जास्त खोटं! समोरच्याला फसवण्याचा हेतू ही गोष्ट त्यांच्या हिशेबात नसतेच. तेव्हा ‘खोटं बोलू नये’ हे वाक्य आपण एका अर्थानं म्हणतो आणि पाच वर्षांचं मूल दुसऱ्याच अर्थानं ऐकतं.

आठ-नऊच्या पुढे मुलं थाप नीट बेतायला शिकतात आणि किशोरवयात खोट्यामध्ये एक नवी गोष्ट मिसळते, ती म्हणजे खासगीपणाची गरज. तिच्याकडे नंतर येते.

कारण शोधा, पण सगळी कारणं सारखी मोजू नका

भीती हे सगळ्यात मोठं कारण. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांनी २०११ साली पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांतल्या तीन-चार वर्षांच्या मुलांची तुलना केली. एका शाळेत छडी, थपडा, चिमटे हा रोजचा प्रकार होता. दुसऱ्या शाळेत समज देऊन किंवा थोडा वेळ बाजूला बसवून भागवलं जायचं. कडक शाळेतली मुलं जास्त खोटं बोलली आणि त्याच वयाच्या दुसऱ्या मुलांपेक्षा ते खोटं जास्त सफाईनं निभावूनही नेलं. माराचा धाक मुलाला प्रामाणिक करत नाही, सराईत करतो. हे वाचल्यावर मला माझा ओला ब्रश आठवला. मी हात उगारला नव्हता, पण त्या वीस मिनिटांचा धाक पुरेसा होता.

दुसरं कारण आपल्या लक्षात येत नाही, कारण ते आपल्या कौतुकातून येतं. ‘तू किती हुशार आहेस’ असं सतत ऐकणाऱ्या मुलाला ती हुशारी टिकवावी लागते. ली झाओ आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली तीन आणि पाच वर्षांच्या मुलांबरोबर पत्ते ओळखण्याचा खेळ घेतला. काही मुलांना ‘तू फार हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘या वेळी छान केलंस’ म्हटलं. पुढच्या फेरीत हुशार म्हटलेल्या मुलांनी जास्त लबाडी केली. पेपरात कमी गुण पडल्यावर उत्तरपत्रिका दप्तराच्या तळाशी दडपणारं मूल बरेचदा ‘हुशार’ मूलच असतं. त्याला गुणांची भीती नसते, आपल्या नजरेतून उतरण्याची असते.

बाकीची कारणं त्या मानानं हलकी. नको ते काम टाळायचं असतं. मित्राला पाठीशी घालायचं असतं. वर्गात इतरांपुढे बाता मारायच्या असतात, त्यामागे बहुतेक वेळा एकटेपणा असतो. काही चळवळी मुलं विचार व्हायच्या आत उत्तर देऊन बसतात आणि मग त्या उत्तराला चिकटून राहतात. त्यांना पाच मिनिटं दिली तर ती स्वतःहून खरं सांगतात. आणि एक प्रकार आपणच शिकवलेला असतो: न आवडलेली भेट हातात घेऊन ‘छान आहे’ म्हणणं. खेळण्याच्या आशेवर असलेल्या मुलांच्या हातात साबणाची वडी देऊन केलेल्या अभ्यासांत बरीच मुलं ‘आवडली’ म्हणाली. याला खोटं म्हणून झोडपू नये. पण मुलाला तिसरी वाट दाखवता येते: ‘‘तुम्ही माझ्यासाठी आठवणीनं आणलंत, थँक्यू.’’ यात खोटं काहीच नाही आणि कुणाचं मनही मोडत नाही.

आता प्रत्यक्ष प्रसंग

पहिली पायरी, आणि या लेखातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी ही राहू द्या: उत्तर माहीत असेल तर प्रश्न विचारू नका. भिंतीवर रंग, हातावर रंग, खाली पडलेले खडू. अशा वेळी ‘‘हे कुणी केलं?’’ हा प्रश्न नसतो, सापळा असतो. मूल त्यात पाय टाकतं आणि एका चुकीच्या दोन चुका होतात. त्याऐवजी जे दिसतंय ते सांगा: ‘‘भिंतीवर रंग लागलाय. ओलं फडकं आण, मिळून पुसू.’’ ब्रश कोरडा आहे? ‘‘ब्रश कोरडा दिसतोय. ऊठ, दोन मिनिटांत घासून ये, मी थांबते.’’ माझ्या घरी निम्म्याहून अधिक खोटं या एका बदलानं गळून पडलं. सवय मोडायला मला कित्येक महिने लागले, कारण ‘कुणी केलं’ हे वाक्य तोंडातून आपोआप बाहेर पडतं.

दुसरी पायरी स्वतःची. राग आला असेल तर थांबा. ‘‘मला आत्ता राग आलाय. दहा मिनिटांनी बोलू,’’ असं सांगून खरोखर दहा मिनिटांनी बोला. मूल आपले शब्द ऐकण्याआधी आपला चेहरा वाचतं. चेहऱ्यावर वादळ दिसलं की ‘खरं सांग, मी ओरडणार नाही’ या वाक्यावर ते विश्वास ठेवत नाही. त्याचं बरोबरच असतं.

आणि एकदा ‘ओरडणार नाही’ म्हटलं की ओरडायचं नाही. मुलानं काहीही कबूल केलं तरी. हे एक वचन मोडलं तर ते परत कमवायला फार दिवस लागतात.

तिसरी पायरी, काय झालं ते खरोखरच माहीत नसेल तेव्हाची. दोन मुलं, एक फुटलेली फुलदाणी, दोघंही कानावर हात ठेवतायत. इथे उलटतपासणी कामाला येत नाही. आपल्याला मुलाच्या डोळ्यांत बघून खोटं ओळखता येतं असं प्रत्येक आईवडिलांना वाटतं. पण मुलांचं खोटं ओळखण्यात मोठी माणसं किती पटाईत असतात याच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा अचूकता ५४ टक्क्यांच्या आसपास निघाली, म्हणजे नाणं उडवून ठरवण्यापेक्षा जेमतेम बरी. नजर चुकवणारं मूल घाबरलेलं असू शकतं, आणि साळसूद चेहऱ्याचं मूल थाप मारत असू शकतं.

पुन्हा पुन्हा विचारण्यात आणखी एक धोका आहे. स्टीफन सेसी आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली शाळापूर्व वयाच्या मुलांना कधीच न घडलेल्या घटनेबद्दल, उदाहरणार्थ उंदराच्या सापळ्यात बोट अडकलं होतं का, असं आठवड्यामागून आठवडे विचारलं. अनेक मुलांनी शेवटी ते घडल्याचं मान्य केलं, तपशील पुरवले, आणि काहींना ते मनापासून खरं वाटू लागलं. आपण खोदून खोदून विचारलं की लहान मूल आपल्याला हवं ते उत्तर द्यायला शिकतं. मग त्या कबुलीला अर्थ उरत नाही.

अशा वेळी उपयोगी पडतं ते साधं, मोकळं विचारणं: ‘‘काय झालं ते मला सुरुवातीपासून सांग.’’ ‘तूच ना?’ असा प्रश्न नको. विचारण्याआधी एक छोटं वचन घ्या: ‘‘मी आता एक गोष्ट विचारणार आहे. खरं सांगशील असं वचन देतोस?’’ आधी असं वचन घेतलं तर मुलांचं खोटं कमी होतं, असं तलवार आणि ली यांच्यासह अनेकांच्या प्रयोगांत दिसलं आहे. मात्र हे रोजच्या बारीकसारीक गोष्टींसाठी वापरू नका, नाहीतर वचन झिजून जाईल. आणि कुणी केलं ते कळलंच नाही तर? तर फुलदाणीचे तुकडे दोघांनी मिळून, मोठ्यांच्या देखरेखीखाली उचलायचे, विषय संपला. प्रत्येक खटल्याचा निकाल लागलाच पाहिजे असं नाही. संशयावरून एकाला शिक्षा करण्यापेक्षा एखादी थाप सुटून गेलेली चालेल, हे माझं ठाम मत आहे. खरं बोलूनही खोटं ठरलेलं मूल ते विसरत नाही.

चौथी पायरी: परतीची वाट ठेवा. खोटं तोंडातून निघून गेलं की मूल अडकतं. आता खरं सांगितलं तर दोन गुन्हे होतात असं त्याला वाटतं. म्हणून म्हणा, ‘‘कधीकधी घाबरून पहिलं उत्तर चुकीचं जातं. मी जरा बाहेर जाऊन येते. आल्यावर तू पुन्हा सांग, पहिलं मी सोडून दिलं.’’ एकदा असंच झालं. शेजारच्या मुलाची सायकल कुणी पाडली याबद्दल माझ्या मुलीनं ठणकावून ‘मला माहीत नाही’ सांगितलं होतं. मी कपडे वाळत घालायला गेले. चार कपडे झाले असतील, मागून आवाज आला, ‘‘आई, सायकल जरा माझ्यामुळे पडली.’’ ‘जरा’ या शब्दात तिनं सगळी भीती भरली होती. मी हातातला कपडा खाली ठेवला आणि म्हटलं, ‘‘हे सांगायला जड गेलं ना?’’ तिनं मान हलवली. मग आम्ही दोघी सायकल बघायला गेलो, घंटी वाकली होती ती सरळ करायचा प्रयत्न केला आणि त्या मुलाची माफी मागितली. माफीचे शब्द तिचे तिनंच शोधले.

पाचवी पायरी: दोन हिशेब वेगळे ठेवा. सायकल पाडली हा एक हिशेब, खोटं सांगितलं हा दुसरा. खरं सांगितल्यावर पहिला हिशेब माफ होत नाही. नुकसान भरायचं, सांडलेलं पुसायचं, राहिलेलं काम पूर्ण करायचं. खरं बोललं की सगळं माफ, असं ठरलं तर मूल सत्याचाही सौदा करायला शिकतं. पण खरं सांगितल्यावर राग, अपमान, चारचौघांत वाभाडे काढणं, यांतलं काहीही वाट्याला येता कामा नये. दुरुस्ती करायची, ती मोठ्यांच्या मदतीनं. खोटं उघड झालं तर दुसऱ्या हिशेबाचा परिणामही साधा आणि त्याच गोष्टीशी जोडलेला असावा: गृहपाठ झाल्याचं खोटं सांगितलं तर काही दिवस वही दाखवायची. गृहपाठाच्या खोट्यासाठी आठवडाभर खेळ बंद केला तर मुलाला त्यातून फक्त आपला राग कळतो.

सहावी पायरी छोटी आहे आणि सगळ्यात जास्त विसरली जाते. खरं सांगितलं की ते लगेच ओळखा, आणि नुकसानीच्या आधी त्याबद्दल बोला. ‘‘तू खरं सांगितलंस. मला बरं वाटलं. आता सायकलचं बघू.’’ क्रम महत्त्वाचा. कांग ली, तलवार आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली तीन ते सात वर्षांच्या मुलांना गोष्टी सांगून पाहिलं. लांडगा आला रे आला असं ओरडणाऱ्या मुलाची गोष्ट आणि खोटं बोललं की नाक लांब होणाऱ्या पिनोकिओची गोष्ट ऐकून मुलांच्या खरेपणात फरक पडला नाही. छोट्या जॉर्ज वॉशिंग्टननं झाड तोडल्याचं कबूल केलं आणि वडील त्याच्यावर खूश झाले, ही दंतकथा ऐकल्यावर मात्र मुलं जास्त खरं बोलली. संशोधकांनी त्याच गोष्टीचा शेवट बदलून कबुलीचा परिणाम वाईट दाखवला, तेव्हा हा फायदा नाहीसा झाला. खोट्याचे परिणाम किती भयंकर असतात हे आपण मुलांना पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. खऱ्याचा परिणाम चांगला होतो हे दाखवायला मात्र कमी पडलो.

‘खोटारडा’ हा शब्द घरातून हद्दपार करा. ‘‘तू आत्ता जे सांगितलंस ते खरं नाही’’ हे वाक्य एका कृतीबद्दल आहे. ‘‘तू खोटारडा आहेस’’ हे त्याच्या पूर्ण असण्याबद्दल. पाहुण्यांसमोर ‘हा फार थापा मारतो’ असं कौतुकानं सांगणंही तितकंच वाईट. मूल बाजूला उभं राहून ते ऐकत असतं आणि आपली जागा ठरवत असतं.

आपलं खोटं

‘‘सांग, बाबा घरी नाहीत.’’ ‘‘इंजेक्शन अजिबात दुखत नाही.’’ ‘‘आत्ता निघाला नाहीस तर मी तुला इथेच सोडून जाईन.’’ दिवसभरात आपण मुलांशी आणि मुलांदेखत किती खोटं बोलतो याची एकदा आठवडाभर मोजदाद करून बघा. मी केली. आकडा इथे लिहीत नाही, पण मला धक्का बसला. चेल्सी हेज आणि लेस्ली कार्व्हर यांच्या २०१४ सालच्या प्रयोगात, एका मोठ्या माणसानं मुलांना शेजारच्या खोलीत गोळ्यांनी भरलेलं भांडं आहे असं सांगून नंतर ते खोटं होतं हे कबूल केलं. ज्या शाळकरी वयाच्या मुलांशी असं खोटं बोललं गेलं होतं, त्यांनी पुढे चोरून बघण्याचं आणि त्याबद्दल खोटं बोलण्याचं प्रमाण जास्त निघालं.

इंजेक्शनबद्दल ‘‘थोडं टोचेल, मी हात धरून बसते,’’ म्हणता येतं. फोन नको असेल तर ‘‘बाबा आत्ता बोलू शकत नाहीत,’’ म्हणता येतं. आणि आपलं खोटं मुलानं पकडलं तर सारवासारव न करता, ‘‘हो, मी खोटं बोलले. मला तसं करायला नको होतं,’’ असं म्हणावं. हे वाक्य मुलाच्या कानावर एकदा जरी पडलं तरी कबुली देणं म्हणजे काय हे त्याला कळतं.

किशोरवयात

बारा-तेराच्या पुढे प्रश्न बदलतो. कुठे होतास, कुणाबरोबर होतास, फोनवर काय चाललंय. या वयात काही गोष्टी स्वतःपुरत्या ठेवण्याची गरज खरी असते, आणि ती भागली नाही की मुलं खोट्याचा आडोसा घेतात. मुलांचा ठावठिकाणा आईवडिलांना कळतो तो पाळत ठेवल्यामुळे की मुलं स्वतःहून सांगतात म्हणून? हाकान स्टाटिन आणि मार्गारेट केर यांनी स्वीडनमध्ये १४ वर्षांच्या मुलांवर केलेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की आईवडिलांना असलेली माहिती मुख्यतः मुलांनी आपणहून सांगितलेली असते. फोन तपासून हाती लागतं त्यापेक्षा बरंच जास्त, जेवताना सहज ऐकून घेतल्यानं कळतं.

म्हणून या वयात आधी दोन याद्या बोलून ठरवा. एक, जे मला कळलंच पाहिजे: तू कुठे आहेस, घरी केव्हा येणार, सुरक्षित आहेस का. दुसरी, जे तुझं आहे: मैत्रिणीशी काय बोललीस, डायरीत काय लिहिलंस. दुसऱ्या यादीतल्या प्रश्नाला ‘‘मला हे सांगायचं नाही,’’ हे चालेल असं उत्तर आहे, हे मुलांना स्पष्ट सांगा. ‘सांगायचं नाही’ असं म्हणायची मुभा असली की थाप मारायची गरजच कमी होते. आणि एक कायमची सूट ठेवा: कुठेही, कितीही रात्री, कसल्याही अडचणीत असलीस तर फोन कर, मी न्यायला येईन आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही. प्रश्न दुसऱ्या दिवशी, शांतपणे.

काही वेळा खोट्यामागे बघावं लागतं

अचानक वाढलेलं खोटं, त्याच्या जोडीला चोरी, मारामारी, झोप उडणं, शाळेत जायची टाळाटाळ, हे सगळं एकत्र दिसलं तर थापांवर काम करत बसू नका. काहीतरी घडतंय. शिक्षकांशी बोला, बालमानसतज्ज्ञ किंवा समुपदेशकाची मदत घ्या. काही महिने खोटं रोजचंच झालं असेल आणि त्यानं मैत्री, शाळा, घर सगळंच ढवळून निघत असेल, तरीही तेच करा.

आणि एक गोष्ट पूर्ण वेगळी ठेवा. कुणी मोठ्या माणसानं नको तिथे हात लावला, धमकावलं, ‘कुणाला सांगू नकोस’ म्हटलं, असं मूल सांगत असेल तर तिथे खरं-खोटं तपासायला बसू नका. ऐका. ‘‘तू सांगितलंस हे फार बरं केलंस. यात तुझी चूक नाही,’’ एवढंच म्हणा, खोदून विचारू नका, आणि लगेच जाणत्या माणसांची मदत घ्या. नंतर मूल घाबरून शब्द फिरवेल, आधी अर्धंच सांगून थांबेल. त्यावरून ते खोटं बोलतंय असं ठरवू नका.

विश्वास परत कसा द्यायचा

मोठं खोटं उघड झाल्यावर आपण म्हणतो, ‘‘आता तुझ्यावर विश्वास कसा ठेवू?’’ मुलाला याचं उत्तर माहीत नसतं, आणि ते त्यानं शोधावं अशी अपेक्षाही बरोबर नाही. ते आपण ठरवून द्यायचं, आणि त्याला मुदत घालायची. गृहपाठाबद्दल महिनाभर खोटं सांगणाऱ्या मुलाला म्हणा, ‘‘पुढचे दोन आठवडे रोज संध्याकाळी वही बघेन. ओरडणार नाही, फक्त बघेन. काही राहिलं असेल तर ते तू आधी सांग.’’ मधल्या दिवसांत एखाद्या संध्याकाळी तो येऊन म्हणेल, ‘‘आज दोन गणितं राहिलीत.’’ तो दिवस सगळ्यात महत्त्वाचा. त्या दिवशी राहिलेल्या गणितांबद्दल अवाक्षर काढू नका. शेजारी खुर्ची ओढून बसा आणि ती गणितं त्याच्याबरोबर सोडवा. दोन आठवडे झाले की वही तपासणं थांबवा, आणि थांबवलंय हे त्याला सांगा.